बॉबिनच्या पोटाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते आणि हे कोणी माझ्याकडून लिहून घेतलेलं नाही.

१. शिलाई मशीन, कात्र्या आणि कापायचं टेबल धाकट्या बहिणीला. तिचा हात सढळ आहे आणि तिथेच सगळा घोळ आहे. माझ्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी माझी मांजर, बॉबिन, तिच्याकडे होती. मांजरीचं पोट नाजूक आहे, ठरलेलं खाणंच थोडं थोडं द्या, दूध बंद, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बहिणीने वाटीभर दूध दिलं, वर साय. मी आले तेव्हा जुलाब-उलट्यांनी बॉबिनचा सापळा झाला होता. "मुकं जनावर मागतं, नाही कसं म्हणायचं?" एवढंच बहीण म्हणाली.

२. राहती खोली, बॉबिनसकट, दिराला. हो, त्याच दिराला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याने मला कधी चहा विचारला नाही. सख्ख्या भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शेवटच्या आजारपणात रिकाम्या हाताने आला आणि जाताना आमचंच वर्तमानपत्र घेऊन गेला. हे मी मेल्यावरही विसरणार नाही. पण दुसऱ्या ऑपरेशनला बॉबिन नाइलाजाने त्याच्याकडे ठेवली, ती गुटगुटीत होऊन परतली. ठरल्यापेक्षा एक दाणा जास्त मिळाला नव्हता.

३. बँकेतली शिल्लक बॉबिनच्या खाण्याला आणि डॉक्टरांना. खाणं बदलायचंच झालं, तर जुन्यात नवं रोज चिमूटभर वाढवत न्यावं. एकदम बदललं की पोट बिघडलंच म्हणून समजा.

४. दिराला काल घरी बोलावून विचारलं. हा नाही म्हणाला असता तर बॉबिनला दुसरं कोणी नव्हतं. तो म्हणाला, "घेतो. पण वहिनी, आधीच सांगतो, ती कितीही रडली तरी माझ्याकडून दूधबिध मिळायचं नाही."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्यापुढे चहा ठेवला, वर दोन बिस्किटं. बॉबिन त्याच्या पायाशी घोटाळत, केविलवाणं ओरडत होती. त्याने तिच्याकडे बघत बघत दोन्ही बिस्किटं एकट्याने संपवली.

सही: बॉबिनची मालकीण

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
जनावरांचे डॉक्टर
शेजारचे घड्याळवाले

स्थळ: माझं दुकान
दिनांक: ९ मार्च, सोमवार, दुकान बंद