अण्णांची कबुली

ता. ४ मार्च

चि. लंबूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दीड पानी पत्र पोचलं. आई म्हणाली, एवढ्या उंच माणसाने एवढंसंच लिहावं?

ती जेवते-खाते, पण आठवड्यातून एकदा पांढरीफटक पडते. प्रार्थनाघराच्या भोंग्यावर गल्लीची हजेरी होते आणि त्यात अण्णांचं नाव येतं. त्यांना जाऊन दोन महिने झाले! नाव पुकारतात, जरा थांबतात आणि मग गैरहजर म्हणतात. ते थांबणं फार वाईट रे. काल तेवढ्या वेळात आईने त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या.

मृत्यूची नोंद व्हायला आता धर्ममंडळाचा दाखला लागतो, की मरणाऱ्याने आपल्या चुका कबूल केल्या. अण्णांनी तर धर्माधिकाऱ्याला पलंगावरूनच दार दाखवलं. म्हणजे सरकारदरबारी आपले गणिताचे मास्तर जिवंत आहेत आणि प्रार्थना चुकवतायत. त्यांना हसू आवरलं नसतं. आणि नोंदणी कचेरीत त्या खिडकीवर बसते कोण, तर मी! दाखला नाही म्हणून वर्षभर लोकांना मीच परत पाठवलं, मान वर करूनही पाहिलं नाही. आता लाज वाटते.

नोटीस आली आहे. महिनाअखेर अण्णांना हजर करा, नाहीतर घराचं दवाखान्याचं कार्ड रद्द. आईच्या हृदयाच्या गोळ्या त्याच कार्डावर मिळतात. सुटका एकच. अण्णांनी शेवटच्या घटकेला आमच्यासमोर कबुली दिली, असं घरच्यांनी लिहून द्यायचं. माझा हात धजत नाही. काय करू, कळव.

तुझी ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

लिहून दे. अण्णा गेले, आई आहे. अण्णाही हेच म्हणाले असते, असं लिहिणार होतो. पण ते तसं म्हणाले नसते, हे तुला-मला दोघांनाही ठाऊक आहे. तरी लिही.

त्यांचा हात कापायला लागल्यापासून त्यांची पत्रं तूच लिहायचीस. तुला काय जड आहे? पाप लागलं तर अर्धं माझ्या नावावर. मी इतका दूर आहे की मी त्याला सापडायलाही वेळ लागेल.

आईला जप. माझ्यावर रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा लंबू

ता. २० एप्रिल

चि. लंबूस अनेक आशीर्वाद.

काम झालं. नोंद झाली, भोंग्यावरचं नाव थांबलं, गोळ्या मिळतात.

दोन ओळी पुरल्या असत्या. पण लिहायला बसले आणि अण्णांचा आवाजच कानात आला. मुलांना आयुष्यभर उत्तर तपासायला शिकवलं, स्वतःचं मात्र तपासायचं राहिलं, असं लिहून गेले. मंडळाला ते इतकं आवडलं की त्यांनी छापून काढलं. आता समोरच्या, अण्णांच्याच शाळेत मुलं ते रोज सकाळी एका सुरात म्हणतात. आई खिडकी लावून घेते. तरी ऐकू येतंच.

काल शाळेजवळचे म्हातारे बाइंडर आले. अण्णांचे जुने स्नेही. प्रार्थनेला जात नाहीत म्हणून यांचं सरकारी काम तुटलं, मुलाने बोलणं टाकलं, तरी बधले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसले आणि एकदाच विचारलं, मास्तर खरंच असं म्हणाले का? त्यांच्या तोंडून खरं बाहेर गेलं तर आईचं कार्ड जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी हो म्हटलं.

मग म्हणाले, मास्तरांनीच मान तुकवली, तर मी कशाला ताठ राहू? खिशातून कोरा कागद काढला. त्यांची कबुलीही मीच लिहून द्यावी, मास्तरांची फार छान उतरली आहे म्हणाले.

मी लिहून दिली.

हे वाचून लोभ उरला, तर लवकर कळव.

तुझी ताई