उपटलेली रोपं

आई, वरकसात, आपल्या त्या हलक्या माळजमिनीत, यंदाही अश्वगंधा पेरली आहे. तू होतीस तेव्हा त्या उतारावर नाचणी असायची. दादा गेल्या वर्षीच ती जमीन विकणार होता. शेजारच्या चांदे गावापर्यंत इमारती आल्यात, गिऱ्हाईक बांधावर येऊन उभं राहतं. मी हिंजवडीची नोकरी सोडून आले आणि म्हटलं, मला एक पीक घेऊ दे. तो म्हणाला, "घे. पन मुळ्या न्हाई आल्या, तर मंग अडवायचं न्हाई."

पेरल्यावर महिन्याभराने विरळणी करायची होती. या पिकाचं मोल मुळीला, म्हणून रोपांत अंतर राखायचं आणि मधली उपटून टाकायची. उपटलेली मूठ हातात आली आणि तू आठवलीस. लहानपणी भातलावणीत उरलेली मूठ मी बांधावर भिरकावली, तर सगळ्या बायांसमोर तू ओरडतेस, "जितं रोप हाय ते, फेकतीस काय? खोच कुटंतरी!" आणि एकेक रोप मला वेचायला लावतेस. तो हात अजून तसाच आहे. मी अश्वगंधेची रोपंही फट दिसेल तिथे खोचली. एवढ्या दाटीला पुरावं म्हणून वर युरिया फेकला. खरं सांगू? रस्त्याने जाणाऱ्यांनी 'काय हिरवंगार हाय' म्हणावं, हेही मनात होतं. म्हणालेही. मी चांगली फुगले होते.

काढणीला वर पाला कमरेएवढा, खाली मुळ्या सुतळीसारख्या. खोचलेल्या रोपांच्या मुळ्यांना तर नुसते फाटे. व्यापाऱ्याने ढीग पायाने सरकवला. "पालाच लई हाय ताई. मुळी कुटंय?" दादा शेजारीच उभा होता. माझ्या तोंडून पटकन निघालं, "आईनंच शिकवलंय, रोप फेकायचं न्हाई म्हणून."

"आईवर नको ढकलूस," दादा म्हणाला. "युरिया काय तिनं टाकला?"

मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडलं की ते उलट बोलत नाही, एवढा सोपा हिशोब मी केला होता. त्याची लाज अजून जात नाही. दादाने त्यानंतर जमिनीला आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं. का, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. समोर असतीस तर यातलं काही मी बोलले नसते. हा कागद तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच एवढा धीर झाला.

यंदा फक्त शेणखत घातलंय. काल विरळणी केली, उपटलेल्या रोपांचा ढीग बांधावर टाकला. एक मूठ मात्र टाकवेना. ती पिकापासून लांब, बांधाच्या कडेला खोचली. संध्याकाळी दादा आला, खाली वाकून बघत म्हणाला, "ही कुनी लावली?"

तुझं नाव ओठापर्यंत आलं होतं, आई. म्हटलं, "मी."