बिननावाचं उद्यापन

सीवूड्स, नवी मुंबई
सोमवार, १६ मार्च २०२६

चि. जाईस,
अनेक आशीर्वाद.

माझं उद्यापन शनिवारी सकाळी दहाला ठरलं. उपाध्ये गुरुजींनी आज दुपारी फोन करून पक्कं सांगितलं. ताजं आधी, मागचं मग. पेपरातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ही सवय जात नाही.

बाकी सगळे बरे. आशुतोषला बढती मिळाली, त्यामुळे घरी आणखी उशिरा येतो. सुचिताला दिवस गेलेत, हे त्याने तुला कळवलं असेलच. आधी दोनदा हातचं गेलं, म्हणून बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या मंगळवारी सोनोग्राफीत ठोके ऐकू आले. घरी आली ती चपलाही न काढता माझ्या पाया पडली. म्हणाली, "आई, हे तुमच्या व्रताचं."

कुठलं व्रत, असं तू विचारशील. तेच सांगायला बसले आणि ठोक्यांचं सांगत राहिले.

पत्र का, तेही सांगते. माझं व्हॉट्सॲप सुचिताच्या लॅपटॉपवरही उघडतं. तिनेच सोयीसाठी जोडून दिलं. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि त्यात तुझी चूक नाही. कागद मात्र तू फाडायच्या आधी एकदा वाचशील, एवढं मी तुला ओळखते.

गेल्या महिन्यात, उपासाच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी, सुचिता माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, सकाळपासून चहा नाही, पाणी नाही. निर्जळी करताय का?"

मी "हं" म्हटलं.

"रोज?"

"महिनाभर."

"आणि सोडता कधी?"

"सूर्य मावळला की."

ती दारातून आत आली आणि अगदी हळू म्हणाली, "माझ्यासाठी?"

यावर मी काहीच बोलले नाही. जाई, मी तीस वर्षं प्रुफं वाचली. लोकांच्या वेलांट्या आणि आकडे पकडले. ही चूक डोळ्यांसमोर होती आणि मी पान तसंच सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला माझ्यासमोर चांदीच्या वाटीत खजूर यायला लागले. मीच एकदा खजुराने सोडते म्हणाले होते. तिने कुठून कुठून शोधून चांगले मऊ आणले. पुढच्या आठवड्यात ते सोसायटीच्या ग्रुपवर गेलं. बायका लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करतात. तिसऱ्या मजल्यावरची नमिता म्हणाली, "काकू, एवढं कडक करताय तर आमचं पार्किंगचं पण मागा ना काहीतरी. देवाचं तरी कमिटी ऐकेल." मी हसले. हसण्यासारखंच होतं.

व्रत नाही ते. रोजे आहेत. आज सव्विसावा.

पत्राच्या माथ्यावर श्री नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. लहानपणी तू मामाला पत्र लिहिताना विसरलीस की मी कागद परत द्यायचे. आज मी विसरलेले नाही.

आता मागचं.

तू जुनैदला घरी आणलंस तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि तो गेल्यावर तो पेला वेगळा ठेवला. तू ते पाहिलंस. नंतर मी म्हणाले, "या घरात एक तर तो येईल, नाहीतर मी राहीन." तुझे बाबा मध्ये पडले नाहीत, कारण मी त्यांना पडू दिलं नाही. तू बडोद्याला गेलीस. त्याच्याशी लग्न केलं नाहीस, आणि माझ्याकडेही आली नाहीस.

तेव्हा मला वाटायचं, तू परत येशील आणि वाद घालशील. वादासाठी मुद्दे हवेत म्हणून मी कुराणाचं मराठी भाषांतर आणलं आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. समासात प्रश्नचिन्हं केली. बरीच केली. तू आली नाहीस, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्या की तिसऱ्या वाचनात लक्षात आलं, की मी मुद्दे काढायचे सोडून ऱ्हस्वदीर्घ सुधारते आहे. परक्या पुस्तकातल्या चुका मी कधी सुधारत नाही. ज्याचं मला काही वाटतं त्याच्याच सुधारते.

मग तुझे बाबा गेले. तू तेराव्याला येऊन त्याच दिवशी परतलीस. पुढे घर फार मोकळं झालं. आपल्या देवांवर माझा राग नाही, जाई, हे नीट वाच. पण जन्मभर मी देवासमोर काहीतरी घेऊनच उभी राहिले. ताट, फुलं, निरांजन, आणि वर एखादं मागणं. एका संध्याकाळी खोलीची कडी लावून, पुस्तकात लिहिलं होतं तसं, रिकाम्या हातांनी जमिनीला कपाळ टेकलं. बराच वेळ उठावंसं वाटलं नाही. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. कुणी मला वळवलेलं नाही.

नेरूळला मैमुना मुकादम म्हणून शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, मूळच्या श्रीवर्धनच्या. मी त्यांच्याकडे ब्लाऊज टाकायची. एकदा धीर करून विचारलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, "बाय, घाई नको. घरी माणसं हायत तुमची." वर्षभर त्यांनी मला घाई करू दिली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात, त्या आणि त्यांचे यजमान समोर असताना, मी कलमा म्हटला. नाव बदलायचं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "अरुणात काय वाईट हाय? ऱ्हाऊ दे." सुचिता मात्र हल्ली चेष्टा करते, "आई, तुमचे ब्लाऊज एवढे कसे हो उसवतात?"

तुला जिथे जाऊ दिलं नाही तिथे मी स्वतः गेले. याला काय म्हणायचं ते तू ठरव. मी शब्द शोधला, सापडला नाही.

मला कुणी कोंडून ठेवलेलं नाही. दार उघडं असतं, किल्ली माझ्या पर्समध्ये असते. पण खाडीकडच्या खिडकीकडे तोंड करून योगाच्या चटईवर मी नमाज पढते, आणि सुचिता बाहेर कुणाला तरी सांगत असते, "आई योगासनं करतायत, नंतर या." पहाटे मी उठते तर माझ्यासाठी थर्मासमध्ये दूध भरून ठेवलेलं असतं. पोटुशी मुलगी गजर लावून उठते, मला सांगत नाही. अशा घरातून बाहेर कसं पडायचं? भांडण झालं असतं तर पडले असते.

उद्यापन तिनेच काढलं. महिन्याचं व्रत म्हणजे उद्यापन हवंच, आणि घरात ठोके लागलेत. व्रत कधी संपतं, असं तिने विचारलं. मी खरं तेच सांगितलं, चंद्र दिसला की. तिने कॅलेंडर काढलं, चंद्रदर्शनावर बोट ठेवलं, मग पुढच्या चौकोनावर. "शनिवारी घेऊ या आई. रमजान ईदची सुट्टी आहे, सगळ्या बायका मोकळ्या असतील." मी कॅलेंडरकडे पाहत राहिले. ती म्हणाली, "बरं नाही वाटत का? पाणी तरी घ्या."

परवा आशुतोषला सांगायचं म्हणून त्याच्या खोलीत गेले. तो फोनवर होता. हाताने थांब अशी खूण केली, फोन ठेवला आणि म्हणाला, "आई, एक सांगू? या वेळी पण काही झालं असतं तर सुचिता उभी राहिली नसती. तू तिला उभं केलंस." मी पांघरूण सारखं करून परत आले.

आणि आज गुरुजींचा फोन. त्यांनी चौरंग, आंब्याची पानं, सुपाऱ्या अशी यादी सांगितली. मग म्हणाले, "वहिनी, देवता कोणती? संकल्पात नाव घ्यावं लागतं. सूर्याचं म्हणावं तर तुम्ही तो मावळल्यावर सोडता. चंद्राचं म्हणावं तर त्याची वाट बघत नाही. मी पोथ्या काढून बघितल्या, असं व्रत सापडेना."

मी म्हटलं, "शनिवारी सांगते."

"चालेल. पूजेला मुलगा-सून बसतील. पण संकल्प ज्याचं व्रत त्यानेच सोडायचा. हातावर पाणी घेऊन नाव मोठ्याने घ्यायचं. बिननावाचं उद्यापन होत नाही."

भला माणूस आहे. सव्वीस दिवसांत नेमका प्रश्न विचारणारा तो एकटा.

गुरुवारी पाडवा आहे. कडुनिंबाचं मी संध्याकाळी घेईन, ते निभेल. शनिवारचं निभणार नाही. दुसरं कुठलं नाव घेऊन पाणी सोडलं, तर हे सव्वीस दिवस आणि ही दोन वर्षं त्या पाण्याबरोबर गेली. खरं नाव घेतलं, तर समोर सुचिता बसलेली असेल, आणि डॉक्टरांनी तिला धक्का बसू देऊ नका म्हटलंय. आदल्या दिवशी सांगायचं ठरवते. पण आदले दिवस मी याआधीही ठरवलेत.

म्हणून तुला लिहिते. मी नाव घेतलं, तर साडेदहाच्या आत आशुतोषचा फोन तुला येईल. तो आधी तुझ्यावर आळ घेईल, मग जुनैदवर. म्हणेल, तुम्हीच आईला शिकवलंत. त्याला सांग, की नऊ वर्षांत आईने तुझा आवाजही ऐकलेला नाही. तेराव्यालाही तू माझ्याशी बोलली नव्हतीस. हे पत्र दाखव.

आणि साडेदहा वाजले तरी त्याचा फोन आला नाही, तर समज, की आई अजून गप्प बसली आहे. मग तू मला फोन कर. मी पाटावर असेन, पण फोन जवळ ठेवीन. बाकी काही बोलू नकोस. "नाव सांगितलंस का?" एवढंच विचार. तू विचारलंस तर मला खोटं बोलता येणार नाही. तुझ्याशी मी वाईट वागले, पण खोटं कधी बोलले नाही.

पत्राच्या शेवटी आपण सवयीने "कळावे" लिहितो आणि त्याचा अर्थ विसरून जातो. या वेळी तो शब्द मी दोनदा तपासून लिहिला आहे.

कळावे.

तुझी आई,
अरुणा