चौदाच्या चौदा

१५ तारीख, बुधवार, दुपार

दादास,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे, वहिनीचे पेपर तपासून झाले का, असं पत्राच्या सुरुवातीला विचारतात, म्हणून विचारलं. माझं बरं चाललंय. बाबा रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. चष्म्याच्या दुकानात येऊन तुला चार शब्द सुनावता आले असते, पण घरच्या माणसाचा गिऱ्हाइकांसमोर पाणउतारा करणं मला जमत नाही. ते तुझं काम.

आधी अभिनंदन. तुझी यादी पहिली आली, तीनशे बारा मतं. आपल्या आवडत्या बँडने, चौकडीने, बारा वर्षांनी नवा अल्बम काढला, सत्तरी ओलांडलेल्या चार माणसांनी गिटार-ड्रम घेऊन चौदा गाणी केली, आणि चाहत्यांना पहिल्याच आठवड्यात वाटलं की हे आपण जास्त चांगलं केलं असतं. मग चाहत्यांच्या ऑनलाइन गटात तू स्पर्धा लावलीस. चौदातली पाच काढा, उरलेली नऊ हवी तशी लावा, अल्बम कसा व्हायला हवा होता ते दाखवा. गटाचा चालक तू, नियम तुझे, जिंकलासही तूच.

तुझी यादी मी ऐकली. चांगली आहे. चौथं गाणं सुरुवातीला आणलंस ते बरोबर. दोन संथ गाणी लागोपाठ होती ती लांब लांब केलीस, तेही बरोबर. माझा राग अकराव्यावरून आहे.

अकरावं म्हणजे ड्रमर गातो ते. आयुष्यभर मागे बसून वाजवलेला माणूस पहिल्यांदा पुढे येऊन गातो. आवाज कापतो, एका जागी तो ठेक्याच्या मागे पडतो, आणि बाकीचे तिघं त्याच्यासाठी थांबतात. ते थांबणं ऐकू येतं. तू ते गाणं काढलंस, पुष्कळांनी काढलं, ठीक आहे. पण खाली लिहिलंस: "हात आणि कान गेले की माणसाने आपणहून बाजूला व्हावं. नाही झाला तर जवळच्यांनी करावं. यात क्रूर काही नाही." त्यावर शंभरावर लोकांनी अंगठे दिले. कोणावरून सुचलं हे वाक्य तुला?

गटात 'चौदाच्या चौदा' नावाने एक माणूस लिहायचा. आठवत असेलच. सगळे कात्री घेऊन बसले होते आणि तो एकटा म्हणत होता, कापू नका, त्यांनी लावलीत त्या क्रमाने ऐका. प्रत्येक गाण्यावर एक परिच्छेद, शुद्धलेखन पक्कं. अकराव्यावर त्याने लिहिलं की तिघं थांबतात त्या एका जागेसाठी हा सगळा अल्बम केला असावा. तू उत्तर दिलंस: "काका, कान तपासून घ्या. आमच्या दुकानात डोळे तपासतात, नाहीतर मीच फुकट तपासले असते." लोक हसले. तरी तो लिहायचा थांबेना, तेव्हा तू मतदान घेऊन त्याला गटातून काढलंस. स्पर्धेचा विचका करतो म्हणून.

दादा, ते बाबा होते.

तीन वर्षं घरी बसवलेला माणूस काय करणार? माझ्या जुन्या फोनवरून ते गटात आले. मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. तुला सांगू नको म्हणाले, गाण्यांवर का होईना त्याच्याशी बोलता येतंय, तेवढं पुरे. दुकानात भिंगं घासताना तुम्ही दोघं चौकडीवरून हमरीतुमरीवर यायचात, ते पुन्हा सुरू झाल्यासारखं त्यांना वाटत होतं. तुझं प्रत्येक उत्तर मला वाचून दाखवायचे. कानांचंसुद्धा दाखवलं. "अजून तसाच भांडतो," म्हणाले आणि हसले.

काल मी कामावरून आले तर फोन हातात घेऊन बसले होते. गट दिसत का नाही, असं विचारत होते. मी सांगितलं, तुम्हाला काढलंय. मला राहवलं नाही. मी म्हणाले, दादाने तुम्हाला दुसऱ्यांदा हाकललं.

ते म्हणाले, "पहिल्यांदा त्याचं बरोबर होतं. माझे डोळे चुकले होते."

शुक्रवार

वरचं बुधवारी लिहिलं. त्या वाक्यापाशी आले आणि पुढे हात चालेना. तुला मनसोक्त झोडपून पत्र बंद करायचं ठरवलं होतं. आता तसं होणार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाई आठव. आपल्या दुकानातला नवा चष्मा लावून जिना उतरताना पडल्या, मनगट मोडलं. पायऱ्या तिरक्या दिसल्या म्हणत होत्या. तू तो चष्मा नंबर मोजायच्या मशीनवर लावलास. डाव्या भिंगाचा अक्ष, म्हणजे ते बसवायचा कोन, ऐंशीवर होता. डॉक्टरांच्या कागदावर एकशे ऐंशी. भिंग बाबांनी बसवलेलं. त्यांना दिलेली कामाची चिठ्ठी ट्रेमध्ये सापडली नाही. बाबा म्हणाले, माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल. आणि तू, त्यांनीच उभ्या केलेल्या दुकानात, त्या बाईंचा नवरा आणि तीन गिऱ्हाइकं बघत असताना, त्यांच्या गळ्यातलं दोरीचं भिंग काढून घेतलंस आणि म्हणालास, "बाबा, आता पुरे. उद्यापासून घरी बसा."

ती चिठ्ठी मी लिहिली होती. डॉक्टरांच्या कागदावरून उतरवताना एक आकडा खाल्ला, एकशे ऐंशीचे ऐंशी झाले. बाबांनी चिठ्ठीत होतं तेच, काटेकोर बसवलं. तू मशीनमध्ये बघून आकडा म्हणालास तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तू डॉक्टरांचा कागद शोधायला आत गेलास, तेवढ्यात मी ट्रेमधली चिठ्ठी खिशात घातली. घरी जाऊन फाडली.

मला वाटलं, तू चिडशील, बाबा चार दिवस रुसतील, मग मिटेल. तू इतक्या थराला जाशील असं वाटलं नव्हतं. बघ, अजून तुझ्यावरच ढकलतेय. तू त्या थराला गेलास आणि मी काउंटरमागे उभी राहून बघत राहिले. बाबांना माझ्या घरी घेऊन आले, लोक म्हणाले मुलगी गुणाची. महिन्याभरात तुझं काम सोडलं, बापाला हाकलणाऱ्याच्या हाताखाली राहणार नाही असं तुला तोंडावर सांगून. तीन वर्षं तुझ्याशी त्याच तोऱ्यात भांडले.

काल दुपारी बाबांना सांगितलं. ते टेबलाशी बसून तुझी नऊ गाणी ऐकत होते. हो, तुझ्याच क्रमाने. मी गाणं बंद केलं आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणतील, मला तेव्हाच कळलं होतं गं, अशी मी मनाची समजूत घातली होती.

ते म्हणाले, "म्हणजे माझी नजर शाबूत होती?"

मी हो म्हणाले.

"मी एकट्याने रस्ता ओलांडायचं सोडलं. तुझ्या मुलीला शाळेत पोचवायचं सोडलं, मला गाडी दिसली नाही तर काय, म्हणून. आणि तू रोज बघत होतीस."

आवाज चढला नाही. उठून खोलीत गेले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. मी वाढलेलं खात नाहीत, स्वतःचं स्वतः करून घेतात. आज सकाळी एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कागद मला दिसेल असा टेबलावर ठेवला. वयाला साजेसा नंबर आहे, बाकी काही नाही. मग माझ्या लेकीला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेताने, की सोमवारी दहा वाजता आजोबा दुकानात जाणार. मी दारातून विचारलं, सोबत येऊ का. "नको," म्हणाले.

तर सोमवारी ते येतील. त्यांना बसायला जागा कर. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर नको, कामाच्या टेबलाशी. मी उद्या त्या शिवणकामाच्या बाईंकडे जाऊन हेच सांगणार आहे. दार उघडतील की तोंडावर आपटतील, ठाऊक नाही.

तुला माझा जेवढा राग राग करायचा असेल तेवढा कर, तो हक्क तुझा आहे. पण फार सुटल्यासारखं वाटून घेऊ नकोस. आकडा मी चुकवला, चिठ्ठी मी फाडली. गळ्यातलं भिंग काढून घे असं त्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

तुझ्याकडे माफी मागत नाही. बाबांकडे मागितली, अजून मिळालेली नाही.

तुझी बहीण,
अजून म्हणवून घेत असशील तर