ड्रायव्हरच्या बाजूला

नावडे,
रविवार, ५ नोव्हेंबर १९९५

हादियाच्या अब्बांना,

सलाम. घरी सगळे बरे आहेत. तुमच्या अब्बांचा खोकला उतरलाय, हादियाला सहामाहीत गणितात चौऱ्याऐंशी मिळाले, आणि गाडीला नवा वॉटर पंप बसला. तुम्हाला हवी असलेली बातमी तिसरी आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच पहिल्या दोन आधी लिहिल्या.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. चार पानं! बावीस मुद्दे, प्रत्येकाला नंबर, मध्ये इंजिनाची आकृती, तीही पट्टी लावून काढलेली. लग्नाला बारा वर्षं झाली, एवढं लांब पत्र या घरात कधी आलं नव्हतं. हादिया झाली तेव्हा तुम्ही दीड पान लिहिलं होतंत. ते मी जपून ठेवलंय, म्हणून सांगते.

पहिलं पान वाचूनच माझं डोकं भणभणलं. म्हटलं, बाकीचं कामाच्या वेळी अब्बा वाचून दाखवतील, आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. हे का सांगतेय ते पुढे येईलच.

गाडी गॅरेजला न्यायची नाही, परक्याचा हात लागता कामा नये, तिथे चांगले पार्ट काढून जुने बसवतात, हा तुमचा मुद्दा एक. बरं. मग हात कोणाचा लागणार? अब्बांचं वय बहात्तर. राहिले मी. पनवेलला जाऊन पंप आणि पॅकिंग मी आणलं. दुकानदार तीनदा म्हणाला, "मिस्त्रीला पाठवा ना ताई." मिस्त्री सौदीत, दम्मामला आहे, असं सांगून आले.

काल सकाळी नाश्ता आटोपून अंगणात बसलो. मी जुना ड्रेस घालून बॉनेटखाली, अब्बा खुर्चीवर, चष्मा लावून, तुमचं पत्र दोन हातांत धरून. वाचायची तऱ्हा तीच, जशी ते मशिदीच्या कमिटीचा अहवाल वाचतात. "मुद्दा पाच. ड्रायव्हरच्या बाजूचा पाईप आधी सोडावा. त्यात पाणी थोडंच असतं. दुसऱ्या बाजूच्या पाईपाला इतक्यात हात लावू नये."

मी ड्रायव्हरच्या बाजूचा पाईप सोडला.

सगळा रेडिएटर अंगावर आला, अहो! गंजाचं तांबडं पाणी, बादलीभर. माझा ड्रेस गेला, अब्बांचा नवा पांढरा सदरा गेला, आणि तुमच्या पत्राचं दुसरं पान भिजलं. अब्बा खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. पान झटकलं आणि म्हणाले, "त्याने तर थोडंच म्हटलंय गं."

आरडाओरडा ऐकून पलीकडून देवजी आला. आठवतोय ना, एस.टी.च्या डेपोतून रिटायर झालेला, तुमच्या शाळेतल्या शिवाचा बाप. त्याने गाडी बघितली, मग तुमची आकृती बघितली, आणि पोट धरून हसला. "रहमानभाय, तुमचा पोरगा आता डावीकडं बसतो ना तिकडं? म्हनून त्याने डावी बाजू लिवली हाय."

म्हणजे ड्रायव्हरची बाजू तुम्ही तिकडची लिहिलीत. आपल्या गाडीत ड्रायव्हर कुठे बसतो तेच विसरलात. अंगणात सगळे हसले, मीही हसले. नंतर मोरीत हात धुताना मात्र मला काही हसू आलं नाही.

देवजी म्हणाला, सरका, मी करतो. तर अब्बा मध्ये उभे. पोराने लिहिलंय, परक्याचा हात लागायचा नाही! आता काय बोलायचं? शेवटी तोड निघाली ती अशी: देवजी ओट्यावर हाताची घडी घालून बसला आणि नुसतं तोंडाने सांगत राहिला, हात माझे. आणि अब्बा तरीही पत्र वाचतच होते, देवजीचं तुमच्याशी जुळतंय की नाही ते बघायला. कान दोन, मास्तर दोन. एकजण म्हणतो पंखा आधी काढ, दुसरा म्हणतो मुद्दा नऊ येऊ दे.

पंप निघाला. देवजीने तो मागून घेतला, उन्हात धरला. आतली पाती गंजाने खाऊन चाळण झालेली. "पानी कुठलं घालता?" त्याने विचारलं. अब्बा म्हणाले, विहिरीचं. नळाला दिवसाआड पाणी, ते प्यायचं, गाडीला कशाला?

आपल्या विहिरीचं पाणी कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको. खाडी जवळ, चहासुद्धा फाटतो त्यात. गेली चार वर्षं दर शुक्रवारी नमाजच्या आधी अब्बा त्या गाडीत बसतात, किल्ली फिरवतात, दहा मिनिटं इंजिन चालवतात, बंद करतात, वर ताजं पाणी घालतात आणि कापड पांघरतात. का? तर तुम्ही सांगून गेलात. गाडी हलवायची नाही, मी आल्यावर चालवीन. एका शुक्रवारी ताप होता तरी गेले होते. काल ते एवढंसं तोंड करून म्हणाले, "मीच मारली म्हणायची गाडी. त्याला कळवू नकोस." मी कळवतेय, कारण चूक त्यांची नाही. पाणी घाला म्हणालात, कुठलं ते लिहिलं नाहीत. फोनवर त्यांना एक अक्षर बोललात तर माझ्याशी गाठ आहे.

त्यावर देवजी आणखी एक बोलला. "चालवून नाय बिघडली भाभी ही. उभी ठेवून बिघडली." मी ऐकलं आणि पॅकिंग खरवडायला लागले.

जुनं पॅकिंग निघता निघत नव्हतं. ब्लेडने तासभर खरवडलं, तुमच्या मुद्दा सोळाप्रमाणे, "घाई करू नये." नवं लावलं, पंप बसवला, एकेक बोल्ट आवळत होते. अब्बा वाचत होते. मुद्दा एकवीस, पट्टा फार ताणू नये. मुद्दा बावीस, इंजिन चालू ठेवून गळती बघावी. आणि त्याच आवाजात, दमही न घेता, खालची ओळ. "डिसेंबरात येणं जमेल असं दिसत नाही. कंपनीने दोन वर्षं वाढवली आहेत."

तिला नंबरसुद्धा दिला नव्हता तुम्ही.

वाचून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं ते. पत्राची घडी घालायला लागले, ती नीट पडेना. देवजी विडी शोधू लागला. मी बोल्ट आवळतच राहिले, तेव्हा देवजी हळूच म्हणाला, "बास भाभी, तुटंल."

बोल्ट तुटला नाही. गळतीही नाही. नळाचं पाणी भरलं, माठातलं.

आता एक माझ्याकडून. मला लायसन्स मिळालंय. ऑगस्टमध्ये. नवीन पनवेलच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, अब्बांना माहीत होतं, तुम्हाला आल्यावर दाखवणार होते. सहारच्या विमानतळावर तुम्हाला घ्यायला मी स्वतः गाडी घेऊन येणार होते, चाटच पाडणार होते तुम्हाला. आता कसली चाट? काल पंप बसल्यावर मी अब्बांना शेजारी बसवलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली. तळोज्यापर्यंत गेलो, कंपन्यांच्या रस्त्याने वळून परत आलो. दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा माझ्यामुळे. काटा मध्यावरच होता, गरम झाली नाही. अब्बा वाटेत एकदाच बोलले, "चालते की."

तर त्या ओळीबद्दल. कंपनी वाढवते म्हणजे काय हो? कागदावर तुमची सही लागतेच ना? ती करताना तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत याचा मला राग आहे. खूप राग आहे. जूनमध्ये तुम्हीच लिहिलंत, १५ डिसेंबरचं विमान, आता कायमचा येतो. हादियाने कॅलेंडरवर त्याला लाल गोल केलाय. तिला अजून सांगितलेलं नाही. मी सांगणारही नाही.

१५ डिसेंबर शुक्रवार आहे. दर शुक्रवारी साडेतीनला शेजारच्या विजयमालाताईंच्या घरी तुमचा फोन येतो आणि मी ओढणी सावरत पळत जाते. दहा मिनिटं. त्यातली चार गाडीची. त्या शुक्रवारी फोन केलात तर उचलायला मी नसेन. मी सहारला असेन, गाडी घेऊन, हादियाला आणि अब्बांना घेऊन. ठरलंय ते ठरलंय.

विमान उतरेल, लोक सामान ढकलत बाहेर येतील. त्यात तुम्ही नसलात तर हादियाला काय सांगायचं, ते तेवढं कळवा. पत्राला बारा दिवस लागतात, वेळ आहे. पण एका ओळीत भागवू नका. चार पानं लिहा, मुद्द्यांना नंबर घाला. तिथेच उभी राहून मी तिला वाचून दाखवीन.

बारा वर्षांत तुमचं नाव मी फक्त पाकिटावर लिहिलं, तेही इंग्रजीत, पोस्टमनसाठी. आज आत लिहिते.

आतिफ, घरी या.

ड्रायव्हरच्या बाजूला मी बसणार आहे. तुम्ही डावीकडे बसा, सवय झालीच आहे तुम्हाला.

संतापलेली, तरी तुमचीच,
खुर्शीद