वेतुरियसांच्या घरात आपला क्विंटस

रोम, मे महिन्याचा मध्य

प्रिय ताई,

तू आणि भावोजी खुशाल असाल. आम्हीही बरे आहोत. बरे कसले, माझे पाय जमिनीवर नाहीत! तुझा भाचा क्विंटस दत्तक जाऊन वेतुरियस झाला! कालपासून त्याचं नाव तीतस वेतुरियस ओप्सियानस. आमच्या ओप्सियस घराण्याचं एवढंसं शेपूट मागे राहिलंय, तरी तेवढंही म्हाताऱ्यांनी आवर्जून घालायला लावलं.

म्हातारे वेतुरियस मोठे मिस्कील. त्यांच्या चौकातली कपाटं उघडून पूर्वजांचे मेणाचे मुखवटे एकेक करून दाखवत होते. "हे माझे पणजोबा, कॉन्सल होते. नाक बघ! तुझं नाक मात्र ऑलिव्ह पिकवणाऱ्याचं."

"मग नाकही दत्तक घ्या, आजोबा," क्विंटस म्हणाला. म्हातारे हसून हसून खोकायला लागले. "आजोबा नाही रे, बाबा म्हण!"

हे तिथेच उभे होते.

मार्कस होता तेव्हा यांनी म्हाताऱ्यांना शब्द दिला होता ग. दोन मुलगे होते, त्यातला एक द्यायचा. मग शरदात मार्कस तापाने गेला. म्हातारे स्वतः घरी आले, म्हणाले, "शब्द मोडलात तरी मी रागावणार नाही." हे म्हणाले, "पोराचं भलं होतंय, मी आड येणार नाही."

काल न्यायासनापुढे रिवाजाप्रमाणे यांनी मुलाला तीनदा विकलं. विकत घेणारा तराजूवर ब्राँझचा तुकडा वाजवतो आणि बापाच्या हातावर ठेवतो. दोनदा यांनी तो झटकन घेतला. तिसऱ्यांदा, जिथे बापाचा हक्क कायमचा संपतो, तिथे यांची मूठच उघडेना. सगळे थांबले. क्विंटस हळूच म्हणाला, "बाबा, हात उघडा ना. मी कुठे लांब जातोय?"

मग उघडला.

परतताना मासळीबाजारात मी यांना सांगितलं, "अहो, मला दिवस गेलेत." भर रस्त्यात थबकले, लोक धक्के मारून पुढे जायला लागले.

"वेडे, आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तिसऱ्यांदाही तुमचा हात झटकन उघडला असता. क्विंटसला इतक्या सहज दिलेलं मला बघवलं नसतं."

ताई, हे तिथेच, मासे विकणाऱ्या बायकांसमोर रडले, आणि मग असे हसले की मीही हसत सुटले! मुलगी झाली तर घराण्याचंच नाव, ओप्सिया, शोधायला नको. मुलगा झाला तर काय ठेवायचं, यावर कालपासून भांडतोय. बाळंतपणाला तूच ये.

तुझी धाकटी सफिनिया,
तिघांची आई