रुमालाची शिवण

प्रिय ताई,

मी बाबांचा पांढरा रुमाल चोरला आणि मॅडमच्या वाफ्यात पुरला. आधी सगळं वाच, मग शिव्या घाल.

तुला माहितीये, मॅडम भुसा आणि पाला वाफवून, आंबवून खत करतात. त्यानं मातीतले जिवाणू वाढतात का, हे बघायला खत घातलेल्या आणि न घातलेल्या प्रत्येक वाफ्यात एक सुती रुमाल पुरतात. जिवाणू सूत खातात. रुमाल जितका फाटका निघेल तितकी माती जिवंत, आणि तितकं झाडाला पोटाला जास्त. मॅडम कित्येक वर्षं हेच करतायत. मला वाटलं, जरा गंमत. खताच्या वाफ्यातला रुमाल काढून त्याच वाफ्याच्या कोपऱ्यात खोल दडपला आणि त्या जागी बाबांचा नायलॉनचा ठेवला. नायलॉनला कोण खातंय. बाबा अजून तो शोधत आईवर डाफरतात, आणि मी खाली मान घालून जेवतो.

परवा सगळे रुमाल उकरले. साध्या मातीतल्याला भोकं, आणि खतातला दुकानातून आणल्यासारखा. मी हसू दाबून उभा, आता माझा कान धरतील म्हणून. त्यांनी तो चिखलातला रुमाल नीट पाहिलाही नाही. वाफ्याच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, सगळं मारून टाकलं रे मी. मग पाणी मागितलं. मी पाणी आणलं. पेला हातात दिला आणि उकरलेले खड्डे बुजवायला लागलो.

आज मॅडमच्या वरच्या साहेबांनी तो वाफा रिकामा करून फेकायला सांगितला. सकाळपासून फावडं मारतोय, पाठ गेली कामातून. माती काळी, भुसभुशीत, गांडुळं नुसती वळवळतायत. कोपऱ्यात मॅडमचा रुमाल सापडला. म्हणजे रुमाल नाहीच, चार बाजूंची शिवण तेवढी, कारण दोरा नायलॉनचा. मधलं सगळं मातीनं खाल्लेलं. वर धरली तर आरपार माझे गमबूट दिसले. तिथंच फावडं टाकलं. निम्मा वाफा अजून तसाच आहे.

ही नोकरी तुझ्या शब्दावर मिळाली, मॅडम तुझी मैत्रीण. उद्या ती शिवण त्यांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगणार. मला हाकलतील, ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे लिहिलं. भाऊजी आत्ता तुझ्याकडे निघतायत, त्यांच्या हाती देतोय. पाकीट दोनदा चिकटवलंय, त्यांनाही सांगू नकोस. मॅडमना फोन करू नकोस. तू करशील, मला वाचवायला, लहानपणापासून करतेस. या वेळी नको, पाया पडतो. त्यांना माझ्या तोंडून कळू दे. आणि बाबांना रुमालाचं कधीच नको.

तुझाच,
कार्टा